गळ्यातले कडे : 'थ्रॉल' या शब्दाची प्रस्तावना

इंग्रजी वृत्तपत्रात एखाद्या मैफलीचा किंवा नाट्यप्रयोगाचा वृत्तान्त छापून येतो तेव्हा गायिकेने श्रोत्यांना 'एन्थ्रॉल' केले, हे क्रियापद त्यात हटकून आढळते, आणि आपण मराठी वाचक त्याचा अर्थ मनातल्या मनात 'मंत्रमुग्ध केले' असा लावून पुढच्या ओळीकडे वळतो. त्या क्रियापदाच्या पोटात एक माणूस आहे याची जाणीव ते लिहिणाऱ्या वार्ताहराला नसते, आणि वाचणाऱ्यालाही ती असण्याचे कारण नाही. तो माणूस हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा, उत्तर समुद्राच्या काठचा. त्याच्या पाठीला बाक आलेला, बोटांची पेरे सुजून वेडीवाकडी झालेली, आणि दिवसभर शेणखत पसरून तो संध्याकाळी ज्या छपराखाली परततो ते छप्पर त्याचे नाही, त्याची मुलेही त्याची नाहीत. त्याला म्हणत 'थ्रॉल'. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा एवढा एकच शब्द आहे: तो कुठून आला, कोणाकोणाच्या तोंडी राहिला, इंग्रजी कवींनी आणि कथाकारांनी त्याच्याकडून कोणकोणती कामे करवून घेतली, आणि माणसाच्या मानेवरून सरकत सरकत तो माणसाच्या मनावर कसा जाऊन बसला.

एका परक्या शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर मला दोन आठवणींनी द्यावे लागेल. महाविद्यालयात कीट्सची 'ला बेल दाम सां मेर्सी' ही कविता शिकवताना आमच्या गुरुजींनी 'थ्रॉल' या शब्दाशी थांबून 'मोहिनी' असा प्रतिशब्द दिला, आणि मी तो समासात पेन्सिलीने लिहून ठेवला. तो गोड होता आणि परीक्षेपुरता पुरेसाही होता. त्याच्या कितीतरी आधीची दुसरी आठवण कोकणातल्या आमच्या घराची. आजी सहसा चिडत नसे, पण एका पावसाळी सकाळी, ओल्या लाकडांच्या धुराने डोळे लाल झालेले असताना, माजघरातून तिसऱ्यांदा कोणीतरी गरम पाण्यासाठी हाक मारली तेव्हा हातातली फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, "मी काय तुमची बटीक आहे?" त्या वयात मला 'बटीक' म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, घर एकदम चूप झाले एवढे मात्र लक्षात राहिले. पुढे कोशात 'थ्रॉल'चा मूळ अर्थ पाहिला तेव्हा गुरुजींची मोहिनी आणि आजीची बटीक या दोन्ही शब्दांना एकाच इंग्रजी शब्दाच्या शेजारी जागा द्यावी लागणार, हे कळून मी अस्वस्थ झालो. हे पुस्तक त्या अस्वस्थतेतून निघालेले आहे.

शब्दाचा जन्म इंग्लंडातला नाही. इंग्रजांच्या पूर्वजांपाशी गुलामासाठी स्वतःचे शब्द होते: 'थेओ' हा नेहमीचा, 'एस्ने' हा मजुरीकडे झुकणारा, आणि 'वेआल्ह' हा सर्वांत बोलका, कारण त्याचा मूळ अर्थ परका, म्हणजे ज्यांची भूमी त्यांनी घेतली तो ब्रिटन माणूस, आणि पुढे तोच अर्थ गुलामावर येऊन ठेपला, 'वेल्स' हे देशनाम त्याच शब्दाचे आजचे रूप. 'थ्रॉल' आला तो डेन आणि नॉर्वेजियन लोकांच्या गलबतांतून. ज्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठाची 793 मध्ये व्हायकिंगांनी लूट केली, त्याच मठाच्या सुंदर शुभवर्तमान-ग्रंथातल्या लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत, दहाव्या शतकात, ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने बारीक अक्षरात आपल्या भाषेतले अर्थ लिहिले, आणि 'सेवक' या अर्थाच्या लॅटिन शब्दावर त्याने जे शब्द योजले त्यांत हा शब्द इंग्रजी लेखनात प्रथम दिसतो. ज्यांनी माणसे पकडून नेली त्यांचाच शब्द, पकडल्या गेलेल्यांच्या पवित्र ग्रंथात, त्यांच्यातल्याच एकाच्या हाताने लिहिला गेला. दीडएकशे वर्षांत परका शब्द घरचा झाला होता, आणि पुढे घरचा 'थेओ' मागे पडून नामशेष झाला.

उत्तरेकडच्या लोकांनी या माणसाची उत्पत्तिकथाही रचून ठेवली आहे. 'रीगस्थुला' नावाचे एक प्राचीन काव्य चौदाव्या शतकातल्या आइसलंडी हस्तलिखितात आपल्यापर्यंत पोचले आहे. त्यात रीग नावाने फिरणारा देव क्रमाने तीन घरी मुक्काम करतो. पहिल्या घरी पणजोबा-पणजी त्याच्यापुढे कोंड्याने भरलेली जाड भाकरी ठेवतात. त्या घरात जो मुलगा जन्मतो त्याचे नाव थ्रॉल. दुसऱ्या घरातून शेतकरी कार्ल निर्माण होतो, आणि तिसऱ्या घरातून, जिथे पांढऱ्या गव्हाच्या पातळ पोळ्या वाढल्या जातात, तिथून सरदार यार्ल. थ्रॉलचे वर्णन कवीने जितके जवळून केले आहे तितके क्वचितच कोणाचे केले असेल: सुरकुतलेली कातडी, जाड बोटे, कुरूप चेहरा, वाकलेली पाठ, लांब टाचा, त्याच्या बायकोचे हात उन्हाने रापलेले आणि तळव्यांना चिखल. त्यांच्या मुलांची नावे ही नावे नव्हेतच, ती हिणवण्याची संबोधने आहेत: वाकडा, घाणेरडा, ओंडका, गोठ्यातला; मुलींत एक चिंध्या पांघरणारी, तर एक करकोच्याच्या तंगड्यांची. ही मंडळी कुंपणे घालतात, शेतात शेण पसरतात, डुकरे पाळतात, शेळ्या राखतात, जळणासाठी दलदलीतली माती खणतात. आपल्याकडच्या पुरुषसूक्ताची आठवण येथे कोणालाही होईल, आणि ती होणे योग्यही आहे. दोन्ही ठिकाणी समाजाची उतरंड देवाच्या हातची म्हणून दाखवलेली आहे. परंतु पुरुषसूक्तातला शूद्र हा एका उपमेतला अवयव आहे, त्याला चेहरा नाही. रीगस्थुलाच्या कवीने थ्रॉलला चेहरा दिला, आणि तो देताना त्याच्या मनात तिरस्काराखेरीज दुसरे काही नव्हते. तरीही हजार वर्षांनी आपल्या हाती त्या माणसाचे जे काही उरले आहे ते त्या तिरस्कारामुळेच उरले आहे, हे मान्य करताना मनाला यातना होतात.

तो बाजारातून येई. आयर्लंडचे डब्लिन शहर व्हायकिंगांनी वसवले, आणि माणसांची खरेदी-विक्री हा त्या पेठेचा मोठा व्यापार होता. आइसलंडच्या वसाहतीची बखर सांगते की इंगोल्फ या पहिल्या वसाहतकाराचा मानलेला भाऊ ह्योरलेइफ याच्याकडे एकच बैल होता, म्हणून त्याने आपल्या आयरिश थ्रॉलांना नांगराला जुंपले. त्यांनी बैल मारून अस्वलाने मारल्याची बतावणी केली, शोधायला निघालेल्या धन्याला ठार केले आणि समोरच्या बेटांत आसरा घेतला. इंगोल्फने तिथे जाऊन त्यांचा पाठलाग केला. आयरिश लोकांना 'पश्चिमेचे' म्हणत, म्हणून ती बेटे आजही 'पश्चिमवाल्यांची बेटे' या नावाने नकाशावर आहेत.

पण या बाजाराचे सर्वांत जिवंत चित्र तेराव्या शतकातल्या 'लाक्सडेला' गाथेत आहे. आइसलंडचा होस्कुल्ड हा श्रीमंत शेतकरी जत्रेच्या ठिकाणी एका व्यापाऱ्याच्या तंबूत शिरतो. पडदा सारला जातो. मागे बारा स्त्रिया ओळीने बसलेल्या. इतर प्रत्येकीची किंमत एक मार्क चांदी. तंबूच्या कडेला बसलेली, अंगावर हलके कपडे असलेली एक मात्र तीन मार्क. इतकी महाग का, असे तो विचारतो, आणि व्यापारी प्रामाणिकपणे हेही सांगतो की ती मुकी आहे. होस्कुल्ड तिला तोलून चांदी देऊन घेतो, घरी नेतो, तिला मुलगा होतो. आणि त्या सगळ्या काळात ती एक शब्दही उच्चारत नाही. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर एका सकाळी होस्कुल्ड शेतीच्या कामाने बाहेर पडतो, आणि उतारावरच्या ओढ्याकाठी त्याला बोलण्याचा आवाज येतो. जाऊन पाहतो तो ती मुकी दासी आपल्या मुलाशी बोलत बसलेली. मग ती नाव सांगते: मेल्कोर्का, आयर्लंडच्या राजाची मुलगी, पंधराव्या वर्षी पकडून आणलेली. तिच्यापाशी जे काही होते ते सगळे गेले होते. एक भाषा उरली होती, आणि ती तिने खरेदीदाराला दिली नाही, मुलासाठी राखून ठेवली. गाथाकार यावर काहीही भाष्य करीत नाही, आणि मीही करणार नाही. एवढेच नोंदवतो की स्त्रीसाठी त्या भाषेत 'थ्रॉल' हा शब्द नव्हता, 'आम्बाट' होता. आणि त्या शब्दाचे मूळ ज्या प्राचीन केल्टिक शब्दात आहे त्याच मुळातून लॅटिनच्या वाटेने फिरत 'अँबॅसिडर', म्हणजे राजदूत, हा शब्दही आला आहे. शब्दांच्या वंशावळीत असे सोयरेसंबंध निघतात.

इंग्लंडात हा माणूस किती काळ होता याचे पुरावे दफ्तरी आहेत. 1014 च्या सुमारास यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी आपल्या प्रसिद्ध प्रवचनात देशाच्या दुर्दशेची जी यादी वाचली तिच्यात एक तक्रार अशी की, थ्रॉल धन्याकडून पळून जाऊन व्हायकिंगांना मिळतो, आणि पुढे रणात तोच आपल्या धन्यासमोर उभा ठाकतो. त्याने धन्याला मारले तर धन्याच्या नातलगांना रक्तमूल्य मिळत नाही, आणि धन्याने त्याला मारले तर मात्र सरदाराचे पूर्ण मूल्य भरावे लागते. आर्चबिशपांना यात जगबुडी दिसली. आज ते प्रवचन वाचताना माझी दृष्टी त्या पळून गेलेल्या माणसाकडे जाते. इंग्रजी गद्यात थ्रॉलने स्वतःच्या मर्जीने काही केल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही. 1086 च्या डूम्सडे पाहणीत, जी नॉर्मन राजाने गावोगावच्या जमिनी, नांगर, गिरण्या आणि माणसे मोजण्यासाठी करविली, नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दहांतला एक गुलाम होता. त्याच काळात दुसरे एक वुल्फस्टन, वूस्टरचे बिशप, ब्रिस्टल बंदरातून आयर्लंडला माणसे विकण्याच्या धंद्याविरुद्ध तिथे जाऊन उपदेश करीत होते, आणि 1102 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मपरिषदेने माणसांची जनावरांसारखी विक्री निषिद्ध ठरवली. बाराव्या शतकात गुलाम असा वेगळा वर्ग इंग्लंडात राहिला नाही. तो जमिनीला बांधलेल्या कुळांत विरघळून गेला. माणूस गेला तरी शब्द मात्र राहिला, आणि त्याचे साहित्यातले आयुष्य इथून सुरू होते.

त्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी 'बाँडेज' या शेजारच्या शब्दाशी थांबणे मला भाग आहे, कारण तो मराठी वाचकाला अगदी जवळचा निघतो. शाळकरी पोरही 'बाँडेज'चे भाषांतर 'बंधन' असे करील, आणि इंग्रजी 'बाइंड' व संस्कृत 'बंध्' हे सख्खे धातू असल्यामुळे त्यात चूक दिसणार नाही. परंतु 'बाँडेज'मधला 'बाँड' मुळात बांधण्याचा नव्हे. तो नॉर्स 'बोंडी' या शब्दाचा वंशज. आणि 'बोंडी' म्हणजे घर करून राहणारा, स्वतःच्या वाडीत नांदणारा स्वतंत्र शेतकरी. घराचा बोंडी तो 'हजबंड', म्हणजे गृहस्वामी. हा शब्द इंग्रजी घराघरांत आजही मानाने नांदतो आहे. पण 1066 नंतर नॉर्मन जमीनदारांच्या अमलाखाली त्याच शेतकऱ्याची स्थिती खालावत गेली, 'बोंड' म्हणजे वेठीचे कूळ असा अर्थ होत गेला, कारकुनांनी त्यावरून 'बोंडागियम' असे लॅटिन नाम घडवले, आणि शेवटी बांधण्याच्या 'बाँड'शी गल्लत होऊन 'बाँडेज' म्हणजे बेडी ठरली. एकाच शब्दाची दोन मुले: एक घरधनी, एक गुलाम.

आता आपल्याकडे पाहावे. 'कुणबी' या शब्दाची व्युत्पत्ती 'कुटुंबिन्' अशी लावतात, म्हणजे कुटुंबवाला, घर करून राहणारा. बोंडीचा शब्दशः प्रतिशब्द. आणि पेशवाईतल्या कागदांत 'कुणबीण' हा शब्द जिथे खरेदी, बक्षीस, तैनात किंवा सोडचिठ्ठी यांच्या संदर्भात येतो तिथे त्याचा अर्थ शेतकऱ्याची बायको असा नसून विकत घेतलेली दासी असा आहे. अमुक इसमाने इतक्या रुपयांस एक कुणबीण खरेदी केली, अमुक कोठीत इतक्या कुणबिणी आहेत, अशी वाक्ये बैल, भांडी व धान्य यांच्या हिशेबाला लागून येतात. दोन भाषा, मध्ये अर्धे जग, एकमेकींची काहीही खबर नाही. आणि दोघींनीही घर करून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या नावातूनच बेघर दासाचे नाव काढले. शब्दकोशाच्या अभ्यासात मला याहून विदारक योगायोग आढळलेला नाही, आणि खरे सांगायचे तर तो निव्वळ योगायोग आहे असे मानायला माझे मन तयार होत नाही. ज्याच्या पायाखालची जमीन काढून घेता येते त्याच्या नावाचेही तेच होते.

बाकीच्या शब्दांचा परामर्श थोडक्यात घेतो. 'स्लेव्ह' हा स्लाव्ह लोकांच्या नावावरून, कारण मध्ययुगात तेच अधिक पकडले जात. ऋग्वेदातल्या 'दास' शब्दाचा प्रवासही शत्रुजनांच्या नावापासून सेवकापर्यंत असाच झाला. अरबी 'गुलाम' म्हणजे मूलतः मुलगा, आणि जुना इंग्रजी 'नेव्ह' म्हणजेही मुलगा. पत्त्यांच्या डावात ज्याला आपण गुलाम म्हणतो त्या पत्त्याला इंग्रज पूर्वी 'नेव्ह'च म्हणत. मात्र गुलाम आणि थ्रॉल यांना एका तागडीत घालू नये. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, दिल्लीच्या तख्तावर गुलाम घराणे बसले. रीगस्थुलातल्या ओंडक्याला आणि वाकड्याला तशी कोणतीही वाट नव्हती. 'ॲडिक्ट' हा शब्द रोमन कायद्यातला: कर्ज फेडता न आल्यामुळे न्यायाधीशाने सावकाराच्या हवाली केलेला ऋणको. आज तो व्यसनी माणसाला लागतो. सावकार जाऊन त्याच्या जागी बाटली आली.

'थ्रॉल'चेही हेच झाले, पण कवींच्या हातून आणि कितीतरी सावकाशीने. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधला पाद्री दास्याचे मूळ पापात शोधतो आणि तरीही धन्यांना बजावतो की तुम्ही आणि तुमचे थ्रॉल एकाच मातीचे. स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन'मध्ये शब्दावर जुनेपणाचा साज चढलेला आहे. तिथे राक्षसांच्या कैदेतले सरदार थ्रॉल होतात, शेणाचा वास कुठेच येत नाही. शेक्सपिअरपर्यंत येताना शब्द जवळजवळ पूर्णपणे आत शिरला आहे. 'मॅकबेथ'मध्ये खून झालेल्या राजाचे दोन पहारेकरी झोपेचे थ्रॉल म्हटले जातात. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये परीराणी टिटानिया गाढवाचे डोके लावलेल्या विणकऱ्याकडे पाहते आणि आपले डोळे त्याच्या रूपाला 'एन्थ्रॉल' झाल्याचे कबूल करते. आपण त्या प्रसंगाला हसतो. पण हे हसू ज्या गोष्टीवर उभे आहे ती अशी की राणीच्या डोळ्यांत रस टाकलेला आहे, तिला निवड राहिलेली नाही. म्हणजे शेक्सपिअरने शब्दाचा मूळ अर्थ सोडलेला नाही, फक्त बेडी दिसू दिलेली नाही.

मिल्टनने ती पुन्हा दाखवली. 'पॅराडाइज लॉस्ट' 1667 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा तो आंधळा होता, ज्या प्रजासत्ताकासाठी त्याने लेखणी झिजवली ते कोसळले होते आणि राजा परत आला होता. त्या काव्याच्या सहाव्या सर्गात सैतान ईश्वराच्या सेवेला दास्य म्हणून हिणवतो, आणि अब्दिएल हा एकटा निष्ठावंत देवदूत त्याला उत्तर देतो की दास्य म्हणजे नालायकाची चाकरी, आणि तू तर स्वतःचाच बंदिवान आहेस. षड्रिपूंच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हा विचार परका नाही. परंतु मिल्टन तिथे थांबला नाही. चार वर्षांनी 'सॅमसन ॲगनिस्टिस'मध्ये त्याने डोळे काढलेला सॅमसन गाझाच्या तुरुंगात गुलामांबरोबर दळण दळताना उभा केला, आणि स्वातंत्र्याच्या कष्टांपेक्षा सुखाचे दास्य ज्यांना बरे वाटते त्या आपल्याच देशबांधवांवर त्याच्या तोंडून कोरडे ओढले. जाते फिरवणारा तो आंधळा वीर वाचताना मराठी माणसाला दुसरे एक जाते आठवल्यावाचून राहत नाही, त्याविषयी पुढे.

कीट्सची कविता 1819 च्या वसंतातली. तिची कथा सर्वांना ठाऊक आहे: एक शिलेदार, माळावर भेटलेली अप्सरेसारखी स्त्री, तिची गुहा, आणि मग थंड डोंगरउतारावर आलेली जाग. पण 'थ्रॉल' हा शब्द या कवितेत कोणाच्या तोंडी आहे, इकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. तो शिलेदाराच्या तोंडी नाही, कवीच्या नाही, त्या स्त्रीच्या तर नाहीच. शिलेदाराला स्वप्न पडते, त्यात त्याच्या आधी फसलेले राजे, राजपुत्र, योद्धे प्रेतकळा आलेल्या चेहऱ्यांनी येतात, आणि उपासमारीने वासलेल्या तोंडांनी ते त्याला सावध करतात. शब्द त्यांचा आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर हुकमत चालवली, ज्यांच्या पदरी थ्रॉल असत, असे लोक स्वतःच्या स्थितीला नाव देताना आपल्या गोठ्यातल्या माणसाचे नाव घेतात. आमच्या गुरुजींची 'मोहिनी' इथे अपुरी पडते. मोहिनीत अमृतमंथनाची प्रभा आहे, देवांचा विजय आहे; या ओठांवर अमृताचा थेंब नाही, अन्नाचा कणही नाही. पेन्सिलीने लिहिलेला तो प्रतिशब्द मी पुसलेला नाही, पण त्याच्या खाली आता आजीचा शब्द लिहिला आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅनहो' कादंबरी बाजारात आली, आणि तिने शब्दाला त्याचा मूळचा देह परत दिला. पहिल्याच प्रकरणात शेफील्ड आणि डाँकॅस्टर यांच्या मधल्या एका अरण्यात डुकरे राखणारा गर्थ बसलेला आहे. त्याच्या गळ्यात पितळेचे कडे आहे, कुत्र्याच्या पट्ट्यासारखे, पण त्याला उघडझाप नाही. ते झाळून पक्के केलेले, श्वास घेता येईल इतके सैल आणि कानशीने घासल्याखेरीज निघणार नाही इतके घट्ट. त्यावर सॅक्सन अक्षरांत कोरले आहे की हा गर्थ, सेड्रिकचा जन्मजात थ्रॉल. शेजारी बसलेल्या वांबा या विदूषकाच्या गळ्यात तसेच, पण चांदीचे. हे दोघे गुलाम मिळून इंग्रजी भाषेवरचा एक अविस्मरणीय धडा देतात: जनावर जिवंत असून गुलाम त्याला राखतो तोवर त्याचे नाव सॅक्सन, आणि शिजून सरदाराच्या ताटात पडले की नाव फ्रेंच. कादंबरीच्या उत्तरार्धात सेड्रिक गर्थला मुक्त करतो, तेव्हा गर्थ आधी उडी मारतो आणि लगेच लोहार आणि कानस मागतो. इतिहासाच्या दृष्टीने स्कॉटच्या चित्रात दोष काढणारे पुष्कळ आहेत, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस असा थ्रॉल इंग्लंडात शोधूनही सापडला नसता, हे मीही वर लिहिलेच आहे. तरी त्या कड्यासाठी मी स्कॉटला सर्व दोष माफ करतो. विल्यम मॉरिसने पुढे आइसलंडी गाथा भाषांतरित करताना हा शब्द आपलासा केला, आणि 1888 च्या 'अ ड्रीम ऑफ जॉन बॉल'मध्ये त्याचा निवेदक 1381 च्या शेतकरी-बंडाच्या पुढाऱ्याला जे भविष्य सांगतो ते ऐकून त्या पुढाऱ्याला खरे वाटत नाही: कुळांची वेठ संपेल, कोणीही कोणाचा जन्माचा बांधील राहणार नाही, आणि तरीही पोटासाठी स्वतःला रोज विकल्याखेरीज माणसांना जगता येणार नाही.

आता ते दुसरे जाते. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत दास हा शब्द इतका पवित्र झाला आहे की त्यात बेडी ऐकू येणेच बंद झाले. नवविधा भक्तीत दास्य ही एक भक्ती. ठोसरांच्या घरी जन्मलेल्या नारायणाने स्वतःला रामदास म्हणवून घेतले आणि ग्रंथाला दासबोध नाव दिले. यात शब्दाचे उदात्तीकरण आहे, आणि ते खरे आहे. पण जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणते तेव्हा मात्र मी थबकतो. कारण ती नामदेवांच्या घरी खरोखरच राबणारी बाई होती, दळणकांडण, झाडलोट, पाणी भरणे हे तिचे रोजचे काम होते, आणि तिच्या दळणाला विठ्ठल येऊन हात लावतो ही कथा त्या कामाच्या भारातूनच जन्मलेली आहे. तिच्या ठिकाणी शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच खुंट्यावर फिरतात. मिल्टनच्या सॅमसनबरोबर जाते फिरवायला देव आला नाही.

उदात्त अर्थ जेव्हा खऱ्या माणसाला झाकून टाकतो तेव्हा कोणीतरी तो ओढून काढावा लागतो, आणि ते काम जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये केले. पुस्तकाचे नाव त्यांनी 'गुलामगिरी' ठेवले, आणि ते अर्पण केले युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला होता. सरकारी कायद्याने तेव्हा हिंदुस्थानात गुलामगिरी उरलेली नव्हती. 1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामाच्या मालकीचा हक्क कोणत्याही कोर्टाने मानू नये असे ठरून तीस वर्षे झाली होती. कायद्याच्या पुस्तकातून गेलेला शब्द फुल्यांनी मुखपृष्ठावर आणला. आणखी एक तपशील येथे नोंदवण्यासारखा आहे: आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने ज्या सक्तीच्या श्रमांना मनाई केली, त्यांतल्या एकाला इंग्रजी मसुद्यातही इंग्रजी नाव दिलेले नाही, तिथे 'बेगार' हाच फारसी शब्द आहे. एवढ्या समृद्ध भाषेत आपल्या वेठबिगारीला पुरेसा शब्द मिळाला नाही.

राहिला प्रश्न भाषांतराचा. पुढील प्रकरणांत इंग्रजी उतारे जिथे जिथे मराठीत दिले आहेत तिथे मी एकच एक प्रतिशब्द वापरलेला नाही, आणि वाचकाला हा विस्कळीतपणा वाटला तर तो जाणूनबुजून केलेला आहे. 'दास'ला चंदनाचा वास येतो. 'गुलाम'मध्ये बादशाही लष्कराची धूळ आहे. 'बटीक' मनासारखा, पण स्त्रीलिंगी. 'वेठबिगार'ला काम संपल्यावर निदान घरी जाता येते. त्यामुळे शिलेदारासाठी एक, पहारेकऱ्यांसाठी दुसरा, असे करीत गेलो, आणि मेल्कोर्कासाठी कोणताच न योजता तिचे नाव ठेवले. दासमुक्तीच्या विधीचे वर्णन करताना मात्र मला आपल्याच शास्त्राचा आधार मिळाला. नारदस्मृतीत सांगितले आहे की धन्याने दासाच्या खांद्यावरचा पाण्याने भरलेला घडा घेऊन फोडावा, अक्षता-फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावे, आणि 'अदास' असे तीनदा म्हणून त्याला पूर्वेकडे तोंड करून जाऊ द्यावे. खांद्यावरच्या घड्याची निवड ज्याने केली त्याने पाणी वाहणाऱ्याचा खांदा पाहिलेला होता.

सर्वांत जास्त दिवस मात्र गेले ते गर्थच्या कड्यावरच्या लेखावर. 'जन्मजात थ्रॉल' या दोन शब्दांना मनुस्मृतीच्या सात प्रकारच्या दासांत नेमका शब्द आहे, 'गृहज', म्हणजे घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला. पण डुकरे राखणाऱ्याच्या गळ्यात संस्कृत घालवेना. 'घरचा बटकीचा' असे लिहून पाहिले, ते शिवीसारखे झाले, आणि कदाचित मुळातही ती शिवीच असेल. अखेरीस मी 'सेड्रिकच्या घरी जन्मलेला, सेड्रिकचा' एवढेच ठेवले आणि 'थ्रॉल' हा शब्द गाळला. तो लेख पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, जी स्कॉटने लिहिलेली नाही: कडे गळ्याशी भिडलेले असल्यामुळे त्यावरची अक्षरे गर्थला स्वतःला कधीच दिसली नसणार, आणि कानशीने तुटून ते हातात आले, तेव्हा त्याने ती पाहिली की नाही हेही कादंबरीत सांगितलेले नाही.